तुम्ही विचारलंत म्हणून: इंजेक्शनवर भागलं नसतं का?

लग्नाच्या पंगतीत, भुसावळच्या फलाटावर, एकदा तर दाताच्या दवाखान्यातल्या बाकावरही हेच विचारलं गेलंय, "हनुवटीत फिलर भरून भागत होतं, मग जबडा कापून घेतलास कशाला?" मावशी तर सरळ अहिराणीत येते, "तुले काय कमी व्हतं वं माय?"

कमी होतं ते हाडात. माझा खालचा जबडा मागे होता, पुढच्या वरच्या-खालच्या दातांत नऊ मिलिमीटरचं अंतर. दिसण्याचं सोडा. हिवाळ्यात मळ्यात भरिताची पार्टी असते, बामणोदची वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी नि कांद्याची पात. बाकीचे पात कचकन तोडायचे. माझ्या दातांतून ती अख्खी सरकून बाहेर यायची. शेवटी मी हाताने तुकडे करून घ्यायचे, तेही पाठ फिरवून.

आता खरं सांगते, मी आधी इंजेक्शनच घेतलं होतं. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेल, हनुवटीत. पंधरा मिनिटांचं काम. साखरपुड्याचे फोटो झकास आले. पात तशीच निसटत राहिली.

नाशिकच्या सर्जनपाशी गेले तेव्हा हे लपवलं. लाज वाटली. त्यांनी अंगठ्याने हनुवटी दाबली आणि विचारलं, "इथे काय भरलंय?" मग समजावलं: हाड पुढे सरकलं की वरचं मांस किती पुढे येईल, हा हिशेब ते फोटो नि सीटी स्कॅनवरून मांडतात. खाली फिलर असलं की तो हिशेबच खोटा. हायलुरोनिडेज नावाचं दुसरं इंजेक्शन देऊन ते विरघळवलं. भरायचे पैसे वेगळे, विरघळवायचे वेगळे. हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

पुढे ब्रेसेसचं दीड वर्ष आणि मग ऑपरेशन. तोंडाच्या आतूनच, दोन्ही बाजूंचं हाड उभं चिरून पुढे सरकवलं, टायटॅनियमच्या पट्ट्या नि स्क्रू बसवले. ओब्वेगेसर नावाच्या सर्जनने १९५०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत. सुरुवातीला सगळं पातळ, मग मऊ. दीड महिना असाच गेला. रावेरचं केळं मिक्सरमधून फिरवून पिणं हा आमच्याकडे अपमानच, पण प्यायले.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, "आता पुन्हा घेतलंस ना?" घेतलं. चौदा महिन्यांनी, थोडंसं. हाड सरकवलेल्या जागी जबड्याच्या खालच्या कडेला कधीकधी खाच राहते. माझ्या उजव्या बाजूला राहिली होती. आधी का नाही, तर सूज पुरती उतरायला वर्षही लागतं, तोवर खाच कुठली आणि सूज कुठली हे कळत नाही. शिवाय माझा खालचा ओठ नि हनुवटी बधिर होती. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. दुखणं ही त्याची एक सुरुवातीची खूण. बधिर जागी ती खूणच कळणार नाही, म्हणून सर्जनने हनुवटीला हात लावू दिला नाही.

जबडा बारीक दिसावा म्हणून बोटॉक्सही सुचवलं गेलं, गालामागच्या चावायच्या स्नायूत. झोपेत दात खाणाऱ्यांना डॉक्टर ते देतात, त्याला माझी हरकत नाही. पण तीन-चार महिने तो स्नायू ढिला पडतो, आणि मी नुकती कुठे चावायला शिकले होते. नको म्हटलं.

पात तुटते का, हे मात्र कोणी विचारत नाही. तुटते. डाव्या ओठाच्या कोपऱ्याला अजून संवेदना नाही, तिथे भरीत लागलेलं मला कळत नाही. मावशी समोरून स्वतःच्या ओठावर बोट ठेवते, मी पुसते, आणि ती पुन्हा खायला लागते.