गोळी लागली, एवढंच लिहिलं होतं

मी ऐरोलीत मेडिकल कोडिंग करते, म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचायचे आणि त्यांना आयसीडीचे, म्हणजे आजार-जखमांच्या वर्गीकरणाचे, कोड लावायचे. आईला अजूनही वाटतं की मी बीएएमएस करून डेटा एन्ट्री करते, आणि काही दिवशी मलाही तसंच वाटतं.

गोष्ट २०१९ च्या डिसेंबरातली. ईडीचे, म्हणजे इमर्जन्सी विभागाचे, चार्ट, तासाला बाराचं टार्गेट, मोबाईल लॉकरमध्ये. एक चार्ट उघडला, १९ वर्षांचा मुलगा, डाव्या मांडीला गोळी. डॉक्टरांची नोट एकदम व्यवस्थित होती, दोन जखमा, गोळी आरपार, एक्स-रेमध्ये हाड शाबूत, आत तुकडा नाही, पायाची नाडी चांगली, घोट्याचं आणि दंडाचं बीपी सारखं म्हणून सीटी अँजिओची (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनची) गरज नाही. जखम धुतली, टाके न घालता ड्रेसिंग केलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पाच तासांत घरी. जखमेचा कोड अर्ध्या मिनिटात झाला, एस७१.१३२ए, डाव्या मांडीला आरपार भोक, संपलं.

अडलं पुढे. गोळी कशी लागली त्याचा वेगळा कोड लागतो. चुकून सुटली तर डब्ल्यू३४, स्वतःच मारून घेतली तर एक्स७४, कुणी मारली तर एक्स९५, ठरवताच येत नसेल तर वाय२४ (बंदूक कुठली ते लिहिलेलं नसेल तेव्हाचे हे). आणि डॉक्टरांनी लिहिलेलं फक्त "जीएसडब्ल्यू लेफ्ट थाय". म्हणजे गोळी लागली. मराठीत पण बघा ना, गोळी लागली म्हटलं की ठेच लागल्यासारखं वाटतं, झाडणारा वाक्यात कुठेच नसतो.

ट्रायजच्या, म्हणजे पेशंटला आल्याआल्या तपासणाऱ्या, नर्सने मात्र एक ओळ लिहिली होती, पेशंट सांगतो की रस्त्याने चालत होता, गाडीतून कुणीतरी गोळ्या झाडल्या. आता याला अपघात कोण म्हणेल? मी एक्स९५.९ लावला आणि पुढच्या चार्टला लागले.

दोन दिवसांनी क्यूएचा, म्हणजे काम तपासणाऱ्या टीमचा, एरर आला. क्लायंटचा तेव्हाचा नियम असा की कारणाचा कोड प्रोव्हायडरच्याच, म्हणजे डॉक्टरांच्याच, नोटवरून लावायचा, नर्सची नोट चालणार नाही. मग मी म्हटलं ठीक, वाय२४ द्या, माहीत नाही असं तरी होईल. तर टीएल (टीम लीडर) दादांनी गाईडलाईन उघडून दाखवली. हेतू लिहिलेला नसेल तर अपघात धरायचा, आणि "अनडिटरमाइंड" तेव्हाच, जेव्हा हेतू ठरवता येत नाही असं चार्टमध्ये स्पष्ट लिहिलेलं असेल. म्हणजे डॉक्टर गप्प बसले तर अपघात, आणि "कळत नाही" एवढं म्हणायलाही डॉक्टरांनीच म्हणायला पाहिजे! कोडच्या इंडेक्समध्ये "शूटिंग" शोधलं तरी तो तेव्हा आधी डब्ल्यू३४ लाच नेऊन सोडायचा.

मी म्हटलं डॉक्टरांना क्वेरी पाठवू या, गोळी कशी लागली ते विचारू. दादा हसले. "अगं, पेमेंटला काही फरक पडत नाही त्या कोडने, तो देणं देशभर सक्तीचं पण नाहीये, त्यासाठी कोण क्वेरी उघडणार?" त्यांचंही बरोबर होतं, टॅट, म्हणजे चार्ट वेळेत संपवायची मुदत, त्यांच्या डोक्यावर होती. शेवटी त्या चार्टवर डब्ल्यू३४ लागला.

मला आठवत होती सिव्हिलची कॅज्युअल्टी, इंटर्नशिपची. तिथे कुणी डोकं फोडून आला की आधी एमएलसी (पोलीस केसची नोंद), आणि कॅज्युअल्टीचे सीएमओ (मेडिकल ऑफिसर) सर ओरडायचे, "अलेज्ड हिस्ट्री लिही आधी!" कुणी मारलं, कशाने, किती वाजता, कोण घेऊन आलं. खरं की खोटं ते पोलीस बघतील, आपण पेशंटने सांगितलं ते लिहायचं. तेव्हा वैताग यायचा त्या रजिस्टरचा. आणि इथे एवढं मोठं सॉफ्टवेअर, पण तेवढी एक ओळ डॉक्टरांच्या नोटमध्ये नाही. अर्थात त्यांनाही दोष देववत नाही, ते रक्त थांबवत होते.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या बजेटमध्ये बंदुकीच्या जखमांच्या संशोधनाला अडीच कोटी डॉलर मंजूर झाल्याची बातमी वाचली, सरकारी निधी बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरायचा नाही या १९९६ च्या अटीनंतर वीसहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा. मनात आलं, ते लोक हॉस्पिटलचा डेटा काढतील तेव्हा त्यात माझा डब्ल्यू३४ पण असणार, आणि कुणीतरी म्हणेल बघा, चुकून गोळी सुटण्याचं प्रमाण किती.

आठवड्याने तोच मुलगा परत माझ्या क्यूमध्ये आला, ड्रेसिंग बघायला. डॉक्टर वेगळे. त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलेलं, अनोळखी माणसाने गाडीतून गोळी झाडली, पोलीस रिपोर्ट झालाय. मी एक्स९५.९ लावला, शेवटी डी, फॉलोअप म्हणून. दादांना विचारलं की पहिला चार्ट दुरुस्त करू का. ते म्हणाले तो फायनल बिल झाला, आता उघडत नाहीत.

तेव्हा एकच मांडी, एकच गोळी, एकच हॉस्पिटल. पहिल्या व्हिजिटला अपघात, दुसऱ्या व्हिजिटला हल्ला. त्या महिन्यात माझी अ‍ॅक्युरसी ९८ टक्के आली, आणि जे दोन टक्के गेले त्यात तो पहिला एक्स९५ होता.