रिक्षाच्या हूडपासून जिम्नॅस्टिक्सच्या मॅटपर्यंत : आमची वाटचाल

वडिलांचं दुकान रिक्षाचे हूड आणि टू व्हीलरच्या सीट कव्हरचं, त्यामुळे फोम कापणं, रेक्झिन ताणून बसवणं हे मी घरातच शिकलो. मॅटकडे वळलो ते एका जिम्नॅस्टिक्सच्या सरांमुळे. ते फाटलेली मॅट शिवायला घेऊन आले, आत हात घातला तर फोमचा पार भुगा झालेला. म्हटलं सर, पोरं यावर उड्या मारतात? तर म्हणे नवीन घ्यायला पैसे कुठायत. तिथून आमचा खरा धंदा सुरू झाला.

मॅट कशी पाहिजे हे समजावं म्हणून सरांनी जपानच्या कोहेई उचिमुराचे व्हिडिओ दाखवले आणि मी त्याचा कायमचा फॅन झालो. आईवडील दोघंही जिम्नॅस्ट, घरचाच क्लब, २००८ ला बीजिंगमध्ये ऑल-राउंडचं सिल्व्हर, आणि मग २००९ ते २०१६ सलग सहा वर्ल्ड आणि दोन ऑलिंपिक ऑल-राउंड टायटल, म्हणजे सहाही प्रकार मिळून जगात पहिला, आठ वर्षं! २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची फायनल तर मी कितीदा बघितली असेल. शेवटचा हॉरिझॉन्टल बार, म्हणजे उंच आडव्या दांड्यावरचा प्रकार बाकी, युक्रेनचा व्हर्नियायेव ०.९०१ ने पुढे. उचिमुराने बार सोडला, हवेत फिरला आणि पाय जे रोवले ते रोवलेच, १५.८००. व्हर्नियायेवला १४.८०० मिळाले. उचिमुरा ०.०९९ ने जिंकला, आणि लँडिंगला एक छोटं पाऊल हललं की ०.१ कापतात, म्हणजे बघा!

ते पाऊल रोवलं जातं ते मॅटवर, म्हणून मी याच्या मागे लागलो. बार जमिनीपासून २८० सेंटीमीटर, पोरगं त्याच्याही वर जाऊन खाली येतं. मॅट फार मऊ असली तर पाय रुततो आणि घोटा मुरगळतो, फार कडक असली तर टाच आणि गुडघ्याला मार. म्हणून आम्ही खाली मऊ फोम आणि वर घट्ट थर देतो, बाजूला जाळी ठेवतो, कारण आतली हवा निघाली नाही तर शिलाई उसवते, आणि दोन मॅटच्या जॉइंटवर वेल्क्रोचा रुंद पट्टा टाकतो. पाय अडकतो तो नेमका त्या फटीत.

२०१० ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये आपल्या अलाहाबादच्या आशिष कुमारने फ्लोअरला (जमिनीवरच्या कसरती) ब्रॉन्झ आणि व्हॉल्टला (धावत येऊन उपकरणावरून मारायची उडी) सिल्व्हर आणलं, कॉमनवेल्थमधली भारताची जिम्नॅस्टिक्सची पहिली मेडल्स, त्यानंतर आमच्याकडेही चौकश्या वाढल्या. लॉकडाउनमध्ये क्लास बंद, ऑर्डर बंद, तेव्हा परत सीट कव्हर शिवली आणि कारागीर टिकवले.

क्लबवाले आधी बार आणि पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा) घेतात आणि उरलेल्या पैशात मॅट, ते मला अजिबात पटत नाही. उचिमुरासारख्याची विजयाची मालिका २०१७ ला मॉन्ट्रियलमध्ये व्हॉल्टच्या लँडिंगला घोटा दुखावल्यामुळेच तुटली, आणि तिथे तर जगातली सगळ्यात चांगली मॅट होती. मग आपल्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरांना रोज सरावाला काय देतो आपण? टोकियो ऑलिंपिकला उचिमुरा फक्त बारवर उतरला, क्वालिफिकेशनमध्येच पडला, पण त्याच वर्षी जन्मगावी किताक्युशूला वर्ल्डची बारची फायनल खेळला, सहावा आला, आणि २०२२ ला रिटायर झाला. तिशी ओलांडून एवढं शरीर टिकवणं म्हणजे काय, हे मॅट शिवणाऱ्याला जास्त कळतं.

म्हणून फोम पातळ करून रेट कमी करा म्हणणाऱ्यांची ऑर्डर आम्ही घेत नाही, पाहिजे तर पेमेंट हप्त्याने द्या. आणि भाव विचारायला फोन केलात तर मी आधी विचारणार की उपकरण कुठलं, मुलं किती वयाची आणि खाली फरशी आहे की लाकूड, त्याशिवाय जाडी सांगत नाही.