मोबिलेटची फ्रेंच पुस्तिका: तेविसाव्या पानापर्यंत

वडिलांची सुवेगा मोपेड पुन्हा रस्त्यावर आणायचा घाट घातलाय. फ्रान्सच्या मोटोबेकानच्या परवान्यावर तिरुपतीला बनलेली ही गाडी, म्हणजे मूळची 1949ची मोबिलेट. हाताशी पुस्तिका आहे ती फ्रेंच, आणि सुट्या भागांसाठी ज्याला लिहितो त्या विक्रेत्याला कळतं फक्त इंग्रजी. म्हणून हा शब्दांचा उद्योग.

सुरुवात सोपी होती. 'बुजी' म्हणजे मेणबत्ती, इंग्रजीत स्पार्क प्लग. गॅरेजच्या दारात बसलेले शेजारचे तियू, म्हणजे आमचे गोव्याकडचे काका, लगेच म्हणाले, "आरे, पोर्तुगेजींतूय ताका वेलाच म्हणटात!" 'वेला' म्हणजेही मेणबत्तीच. 'आर्ब्र' म्हणजे झाड, यंत्रात शाफ्ट. तियूंकडे त्यालाही 'आर्व्होरी' तयार. 'ब्येल' म्हटलं तर 'बिएला', कनेक्टिंग रॉड. तेव्हापासून आधी तियू, मग शब्दकोश.

एका जागी मात्र दोन संध्याकाळी गेल्या. इग्निशनच्या पानावर 'प्वँ मॉर' होतं. शब्दकोशात पहिलाच अर्थ न्यूट्रल, तोच वहीत उतरवला. गाडीला मुळात गिअर नाहीत, मग न्यूट्रल कुठून येणार! पुढचा 'ओ', म्हणजे वरचा, मी डोळ्याआड केला होता. प्लग काढून भोकात पेन्सिल धरली, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हातानं हळू फिरवलं. पेन्सिल चढली, क्षणभर थबकली, उतरायला लागली. ती थबक म्हणजेच टॉप डेड सेंटर, पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा! पानभर विखुरलेलं पे-एम-आश (PMH) हे त्याचंच लघुरूप. फ्रेंच पान उघडलंत तर ते पे-एम-आश आधी शोधा, अर्धं पान सुटतं.

'व्ही प्लातिने'चा शब्दशः अर्थ प्लॅटिनम लावलेले स्क्रू. मी खुळ्यासारखा चित्रात स्क्रू शोधत होतो. ते आपले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क; इंग्रजीत काँटॅक्ट ब्रेकर पॉइंट्स. फट 0,4 छापलीय. फ्रेंचांचा स्वल्पविराम म्हणजे दशांशचिन्ह, इंग्रजीत 0.4 मिलिमीटर लिहायचं. फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, तेवढ्या जाडीचं पातं घालून बघितलं, घट्ट बसलं. पॉइंट जरा सरकवून फट वाढवावी लागणार, आधी त्यांवरचा गंज काढायला हवा. पावसाळ्यात इथं काहीही गंजतं.

'क्लावेत दमी-ल्यून' हा मात्र लाडका झालाय. अर्धचंद्राची चावी, म्हणजे फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर ठेवणारा छोटा तुकडा; इंग्रज तिला वूडरफ की म्हणतात. फ्रेंच नाव वाचून भाग डोळ्यांसमोर येतो, इंग्रजी नावावरून नाही.

पुढचं पान फ्लायव्हील काढण्याचं. 'आराश-व्होलाँ' म्हणजे पुलर, एवढं जमलं. तो पुलर म्हापशात मिळाला नाही, आता पणजीला बघतो.