साडेसात फूट बाय सव्वातीन फूट

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात तिसऱ्या मजल्यावर आमचे २२५ चौरस फुटांचे घर आहे आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत त्या घरात संडास आणि न्हाणीघर असे दोन वेगळे कप्पे होते. संडास तीन फूट बाय सव्वातीन फूट, न्हाणीघर चार फूट बाय सव्वातीन फूट आणि दोहोंच्या मध्ये अर्ध्या विटेची, सुमारे अर्धा फूट जाड भिंत. घरात सहा-सात माणसे होती आणि सगळ्यांना एकाच वेळी आवरून बाहेर पडायचे असे, तेव्हा ही रचना सोयीची होती, कारण एक जण आत असला तरी दुसऱ्याचा खोळंबा होत नसे. आता आम्ही तिघेच आहोत आणि आईचे गुडघे तिला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसू देत नाहीत. साधा कमोड भिंतीपासून सुमारे दोन फूट दोन इंच पुढे येतो, म्हणजे तीन फुटांच्या त्या कप्प्यात आईच्या गुडघ्यांसमोर जेमतेम दहा इंच उरणार होते. तेव्हा मधली भिंत काढून दोन्ही जागा एक करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

लहान बाथरूमच्या सजावटीचे जे नमुने आम्हाला पाहायला मिळाले, त्या सगळ्यांत माणूस काचेच्या आडोशामागे उभा राहून शॉवरखाली अंघोळ करतो असे गृहीत धरलेले होते. आमच्या घरात बसून, बादली आणि तांब्या घेऊन अंघोळ होते. आईला उभे राहून अंघोळ करणे धोक्याचे आहे आणि पोटमाळ्यावरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला शॉवरपुरता जोरही नसतो. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. आमची टाकी नळापासून जेमतेम एक मीटर वर आहे, त्यामुळे दाब त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाच. म्हणून मी दिवाणखान्याच्या फरशीवर खडूने साडेसात फूट बाय सव्वातीन फुटांचा चौकोन आखला, आईला त्यात स्टुलावर बसवले, शेजारी बादली ठेवली आणि तांब्या उचलून डोक्यावर नेताना तिचे कोपर कुठवर जाते, पाय चोळायला वाकताना डोके कुठवर येते, हे मोजले. अंघोळीला तीन फूट लांबी लागते, दारातून आत येऊन वळायला दोन फूट चार इंच लागतात आणि उरलेले दोन फूट दोन इंच कमोडचे, असा हिशेब त्या खडूच्या रेषांवरच पक्का झाला. एकत्रित न्हाणीघर आणि शौचालयासाठी राष्ट्रीय इमारत संहितेत किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट जागा अपेक्षित आहे. आमच्याकडे २४ चौरस फुटांच्या थोडे वर होती, तेव्हा इंच न् इंच कमवावा लागणार हे उघड होते.

भिंत पाडण्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घेतली आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलावले. पाऊण तासाच्या त्या भेटीने आम्हाला मोठ्या संकटातून वाचवले, असे मी मनापासून म्हणेन. गवंडी ज्या भिंतीला ‘नुसती पार्टिशनची’ म्हणत होता, तिच्यावर न्हाणीघराच्या वरच्या काँक्रीटच्या पोटमाळ्याची एक कड टेकलेली होती. त्या माळ्यावर आम्ही ३०० लिटरची टाकी बसवणार होतो, म्हणजे भरलेल्या टाकीत नुसते पाणीच ३०० किलोचे. भिंत तशीच काढली असती, तर हा सगळा भार एका बाजूने अधांतरी राहिला असता. इंजिनिअरने सुचवल्याप्रमाणे आधी माळ्याच्या कडेखाली, दोन्ही बाजूंच्या भिंतींत पक्के टेकवलेले लोखंडी चॅनल बसवले आणि त्यानंतरच खालच्या विटा काढायला सुरुवात केली. तुमच्याकडेही माळा असेल, तर तो कशावर टेकला आहे हे जाणकाराकडून पाहून घेतल्याशिवाय घण उचलू देऊ नका.

टाकीचा प्रश्न जागेशी थेट निगडित होता. आमच्याकडे पालिकेचे पाणी सकाळी ठरावीक वेळेत येते, त्यामुळे न्हाणीघरात २०० लिटरचे निळे पिंप वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले होते. त्याचा व्यास जवळजवळ दोन फूट. चार फुटांच्या न्हाणीघरात निम्मी लांबी त्या पिंपानेच अडवलेली होती. माळ्यावरची जुनी टाकी गळत असल्याने ती अनेक वर्षे रिकामीच पडून होती. नवी टाकी बसली, पिंप निघाले आणि भिंत पाडल्याने मिळाली नसती एवढी जागा एका दुपारीत मोकळी झाली. फ्लशची टाकीही कमी दाबावर भरणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे विचारूनच घेतली. ती तीन आणि सहा लिटर अशा दोन बटणांची आहे आणि ठरावीक वेळेच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात तो फरक दिवसअखेरीस चांगलाच जाणवतो.

दुसरी कमाई भिंतींच्या पोटातून झाली. एका जुन्या दुरुस्तीत कोणीतरी जुन्या टाइल्सवरच नव्या टाइल्स चिकटवल्या होत्या, त्यामुळे प्लास्टर आणि टाइल्सचे दोन थर मिळून भिंतीवर सव्वादोन इंचांचे ओझे चढले होते. या वेळीही ‘आहे त्यावरच लावू, तोडफोड वाचेल,’ असा आग्रह झाला, पण आम्ही सगळे थर विटेपर्यंत काढायला लावले. नवे प्लास्टर आणि टाइल मिळून सव्वा इंचात बसले आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच सुटून रुंदी तीन फूट पाच इंच झाली. दोन इंच ऐकायला फार थोडे वाटतात, परंतु स्टुलावर बसलेल्या माणसाचे कोपर भिंतीला घासते की नाही, हे त्या दोन इंचांवरच ठरते.

संडासाचे जुने दार बंद करायचे होते. तिथे पूर्ण जाडीची भिंत बांधण्याऐवजी आम्ही बोळाच्या बाजूने सिमेंटचा पातळ बोर्ड लावला आणि आतल्या बाजूला भिंतीच्या जाडीत साडेतीन इंच खोल, दोन फूट रुंद असा कोनाडा ठेवला. त्याला आतून वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स करून घेतल्या आणि ग्रॅनाइटच्या चार पट्ट्या बसवल्या. साबण, तेल, उटणे, दाढीचे सामान, कपडे धुण्याची पावडर असे सगळे तिथे मावते आणि भिंतीच्या बाहेर काहीही येत नाही. या सगळ्या कामात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट कोणती असे कोणी विचारले, तर मी या कोनाड्याकडे बोट दाखवीन.

उरलेले दार पूर्वी आत उघडत असे; ते आता बाहेर उघडते. जागेसाठी हे आवश्यक होतेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. म्हातारे माणूस आत पडले, तर त्याच्या अंगामुळेच आत उघडणारे दार अडते आणि मदतीला आलेल्याला ते ढकलताही येत नाही. कडीसुद्धा प्रसंगी बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी घेतली आहे. वॉश बेसिन मात्र बोळात होते तिथेच ठेवले. कोपऱ्यात बसणारी लहान बेसिने सुबक दिसतात, पण ती नेमकी वाकणाऱ्या माणसाच्या कपाळाच्या उंचीवर येतात.

भिंतीवर टांगलेला कमोड घ्यावा, म्हणजे खालची फरशी मोकळी राहते, असे मलाही वाटत होते. परंतु त्याची चौकट आणि लपवलेली टाकी पेलायला आमची मागची भिंत पुरेशी जाड नव्हती, आणि टाकी दडवायला पुढे कट्टा बांधला असता, तर कमावलेले इंच तिथेच गमावले असते. म्हणून जमिनीवर बसणारा साधा कमोड घेतला. मैल्याचा चार इंची पाइप होता तिथेच राहू दिला, कारण तो सरकवायचा तर त्याला ढाळ देण्यासाठी सगळी फरशी उंच करावी लागली असती. कमोडशेजारचा आधाराचा दांडा कुठे येणार, हे टाइल्स लावण्याआधीच ठरवून त्याचे बोल्ट विटेत पक्के करून घेतले.

आता वॉटरप्रूफिंगविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आमच्या खाली राहणाऱ्या काकूंच्या छतावर गेली काही वर्षे ओलीचे डाग येत होते आणि त्यांनी त्याबद्दल एका शब्दानेही कधी भांडण काढले नव्हते. स्लॅबचा खोलगट भाग, ज्याला आपल्याकडे सगळे ‘संक’ म्हणतात, तो उकरला तेव्हा आतले विटांचे तुकडे काळे पडून पाण्याने निथळत होते. वर फरशी कोरडी दिसत असताना खाली डबके साठलेले होते. सगळे काढून स्लॅब घासून घेतला, भेगा भरल्या, पाइप जिथे स्लॅबमधून आरपार जातात तिथे न आकसणारे ग्राउट, म्हणजे फटी बुजवायचे सिमेंटचे मिश्रण, भरले आणि भिंत व फरशी यांच्या सांध्यावर सिमेंटचा गोल वाटा, म्हणजे कोपरा बुजवणारी गोलसर पट्टी, काढला, कारण काटकोनातला लेप सर्वांत आधी तडकतो. त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात दिले आणि अंघोळीच्या बाजूला ते भिंतीवर पाच फुटांपर्यंत चढवले. मग नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीतून सांडपाणी जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड बंद करून ४८ तास पाणी साठवून ठेवले. ते दोन दिवस मी सकाळ-संध्याकाळ काकूंकडे जाऊन त्यांचे छत पाहत होतो. त्यानंतरच संक भरला, वर पुन्हा लेप दिला आणि चार फुटांना पाऊण इंच असा ढाळ काढून फरशी बसवली. कमोडकडची फरशी अर्धा इंच उंच ठेवली आहे, त्यामुळे अंघोळीचे पाणी तिकडे फिरकत नाही. फरशीच्या टाइल्स एक फूट बाय एक फूट, खरखरीत, फिकट राखाडी रंगाच्या, सांधे इपॉक्सीचे.

जुना गॅस गिझर काढून टाकला. बंदिस्त लहान जागेत त्याच्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, त्याला रंग नसतो आणि वासही नसतो, आणि त्याने माणसे अंघोळ करता करता दगावलेली आहेत. आता दाराच्या वर तीन लिटरचा, तीन किलोवॉटचा विजेचा गिझर आहे. मुंबईच्या थंडीत पाणी पंधरा अंशांनी तापवायचे तर तो मिनिटाला जवळपास तीन लिटर देतो, म्हणजे पंधरा लिटरची बादली पाच मिनिटांत भरते. त्याला स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा प्लग आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवला आहे. ओल्या जागेत या खर्चाला कात्री लावू नये. झडपांच्या खिडकीत सहा इंची एक्झॉस्ट पंखा बसला.

काम तेवीस दिवस चालले. दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद ठेवायची हा सोसायटीचा नियम होता आणि तो आम्ही पाळला. रॅबिटच्या, म्हणजे तोडफोडीच्या मलब्याच्या, शंभराच्या आसपास गोण्या बिगाऱ्यांनी तीन जिने डोक्यावरून उतरवल्या; या कामाची मजुरी गोणीमागे द्यावी लागते आणि अंदाजपत्रकात ती हमखास राहून जाते. तेवढे दिवस शेजारच्या वहिनींनी आईसाठी आपले न्हाणीघर मोकळे ठेवले, आणि आम्ही बाकीचे दोघे घाटकोपरला मावशीकडे अंघोळ करून कामावर जात होतो.

पाऊस सुरू होण्याआधी सगळे उरकले. सप्टेंबरअखेर काकूंचे छत कोरडे खडखडीत होते, तेव्हा आमच्या खर्चाने त्यांच्या छताला नवा रंग लावून दिला. एक चूक मात्र राहिली. नहाणी ट्रॅपची जाळी नेमकी स्टुलाच्या मागच्या पायाखाली येते आणि आईला स्टूल रोज चार बोटे पुढे ओढून घ्यावे लागते. खडूचा चौकोन आखला तेव्हा मी बादली मांडली, तांब्या मांडला, पण पाणी कुठून जाणार त्या जागेवर खूण करायची राहून गेली. जाळी आता हलवता येणार नाही, म्हणून सुताराला पाय थोडे आत घेतलेले नवे स्टूल करायला सांगितले आहे.