तोच प्रश्न

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

ब्लोअरची नोझल शोधायला औषधांच्या खोलीत गेलो आणि तासभर खोक्यावर बसून राहिलो. नोझल नाही, वही सापडली. द्राक्षबागेच्या चर्चासत्रांना नेत असे ती, लाल पुठ्ठ्याची. डाव्या पानावर प्रश्न, उजव्यावर उत्तर. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मोरचुदाचा निळा अंगठा. माझाच.

ऑक्टोबर २००९. ‘पोंग्यात, म्हणजे छाटणीनंतरच्या नव्या फुटीत, घड दिसतो, आठ दिवसांत जिरतो, नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा, राहते. का?’

परवाच्या चर्चासत्रात उभं राहून मी हेच विचारलं. शब्दसुद्धा जवळजवळ हेच. पुढच्या रांगेतलं एक पोरगं वळून हसलं होतं. तेव्हा वाटलं, शेजारच्याशी काही बोलत असेल.

सोळा वर्षं. आणि उजव्या पानावर उत्तर माझ्याच अक्षरात: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात घड ठरतो, तेव्हा ऊन लागतं, ढग असतील तर पाणी-नत्र आवरा, शेंडा मारून सबकेन, म्हणजे उपकाडी, वेळेवर करा. खाली दोन रेघा मारलेल्या. म्हणजे त्या दिवशी मला ते पटलं होतं! मग परवा मी कुठल्या तोंडाने उभा राहिलो?

अण्णांचं शेवटी शेवटी असंच व्हायचं. एकच गोष्ट दिवसातून चारदा. असो.

त्याच्यापुढे फयान वादळाचं पान. ११ नोव्हेंबर. तिथे प्रश्नच नाही, फक्त ‘गळकूज’, म्हणजे घड गळणं-कुजणं, एवढा शब्द आणि फवारण्यांचा हिशेब. ते पान वाचवेना, उलटलं.

मग मुद्दाम शोधायला लागलो. २०१३ला पुन्हा तोच प्रश्न. २०१९ला पुन्हा, त्या वर्षी तर दिवाळीतही पाऊस हटला नव्हता. अक्षर दर खेपेला मोठं होत गेलेलं, चष्म्याचा नंबर वाढावा तसं. मनात आलं, आपण काही शिकलोच नाही. नुसत्या बागा छाटल्या, हप्ते भरले, मखमलाबादची हवा खाल्ली. भाऊने तुकडा विकला तेव्हा त्याला काय काय बोललो होतो मी. ते आज नको.

चहा आला म्हणून उठलो नाही, तिथेच प्यालो. आणि चहा पिता पिता उजवी पानं वाचली. आधी डावीच बघत होतो.

उत्तरं कुठे सारखी आहेत? २००९ला काडीचा जोर आवरायला सीसीसी हे वाढ रोखणारं औषध मारा म्हणाले, आणि २०१०ला त्याचाच अंश सापडला म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. २०१३ला सीसीसीचं नाव नाही, विरळणी करा, पालाश द्या. २०१९ला पान-देठ प्रयोगशाळेत तपासून आणा. आणि परवा? यंदा मे महिन्यातच पाऊस लागला, नेमके घड ठरायचे दिवस ढगात गेले, हे सगळं सांगून झाल्यावर साहेब जरा थांबले आणि म्हणाले, ‘आता हवामानाला काय करणार?’ लिहून घ्यायला लोकांनी पेनं उघडली होती, ती तशीच राहिली.

म्हणजे मी एकटाच ढ नाही. वेली खालची, पाऊस वरचा, मी मधला. हसू आलं खरं. पण त्या पोराचं हसणं अजून पुरतं गेलेलं नाही. त्याची बाग दोन-तीन वर्षांचीच असेल. विचारील तोही.

काल मोजलं होतं, दहा काड्यांत चार वांझ, घडच नाही.

नोझल काही सापडली नाही. उद्या दिंडोरी रोडवरून आणावी लागेल. ही म्हणते, गेल्या वर्षीही ती हरवली होती, आणि तेव्हाही मी तिलाच विचारत होतो, कुठे ठेवलीस म्हणून.