पेंढ्यावरचं दव

जानेवारीतल्या त्या पहाटे पडवीतला थर्मामीटर साडेचार अंश दाखवत होता आणि शेतातलं दव गोठलेलं होतं. महाबळेश्वर तालुक्यात राहणाऱ्याला यात नवल नाही. थर्मामीटर छातीच्या उंचीवर टांगलेला असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की जमिनीलगतची हवा त्याहून चार-पाच अंशांनी थंड होते आणि जड होऊन सखल जागी साचते. आमचे स्ट्रॉबेरीचे आठ गुंठे ओढ्यालगतच आहेत.

वाडीपासून आत असल्यामुळे आमच्याकडे अजून विजेचा खांब आलेला नाही. अर्ज देऊन वर्षं झाली. दोन सोलर पॅनेल दिवसभर पाणी वरच्या पाच हजार लिटरच्या टाकीत चढवतात आणि तिथून ते उतारानं ठिबकला येतं. ढगाळ दिवशी टाकी अर्धीच भरते. म्हणूनच आमच्या शेतीचा सगळा जीव पेंढ्यात आहे. गादीवाफ्यावर चार बोटं जाडीचा भाताचा पेंढा अंथरला, की ओल टिकते, फळ मातीला टेकत नाही, करपा-बुरशी आटोक्यात राहते. सप्टेंबरात रोपं लावल्यापासून जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रावण), दशपर्णी (दहा पाल्यांचा कीडनाशक अर्क) आणि पेंढा, एवढंच. वाफ्यावरचं प्लास्टिकचं आच्छादन, म्हणजे मल्चिंग, आम्ही सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं. आमच्या फळाचा वास गाडीत डबा ठेवला तरी दरवळतो, याचा मला अभिमान आहे.

आदल्या दिवशी दुपारीच आबा म्हणाले, ‘‘आज वारं पडलंय. रातीला बघ.’’ मी चार वाजेपर्यंत ठिबक चालवलं, कारण ओली माती दिवसाचं ऊन जास्त धरते. रात्री तुषार सिंचन करणं शक्यच नव्हतं. पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि तीच फुलाला वाचवते, पण त्यासाठी बर्फ वितळेपर्यंत फवारा अखंड चालू ठेवावा लागतो. मध्येच थांबला तर न फवारल्यापेक्षा जास्त नुकसान होतं. आठ गुंठ्यांना तासाला अडीच हजार लिटर तरी लागतं. टाकी दोन तासांत संपली असती. पहाटे तीनला सूर्य कुठून आणणार?

मग आईच्या आणि आजीच्या जुन्या नऊवारी काढल्या. वाफ्यावर कळकाच्या कामट्या वाकवून त्यावर त्या टाकल्या. अकरा साड्या होत्या. चार वाफे झाकून झाले. बाकीचे उघडे राहिले.

सकाळी सातला फुलं पांढरीशुभ्र दिसत होती. दहापर्यंत कळतच नाही. ऊन लागून बर्फ वितळला, की पाकळी तशीच राहते आणि मधला पिवळा गोंडा काळा पडत जातो. काळ्या गोंड्याच्या फुलाला फळ धरत नाही. मी वाफ्यागणिक शंभर फुलं मोजली. पेंढ्याच्या उघड्या वाफ्यांत साठ-सत्तर काळी. साड्यांखाली दहा-बारा, तीही कापड जिथे टेकलं होतं तिथली.

आणि बांधाकडच्या दोन वाफ्यांत, साडी नसताना, फक्त नऊ.

मुळं खाणारी हुमणीची अळी शोधायला आईनं चार दिवसांपूर्वी त्या दोन वाफ्यांवरचा पेंढा ओढून ठेवला होता. माती उघडी होती. दिवसभर तापली आणि रात्रभर ती ऊब वर येत राहिली. इतरत्र मी प्रेमानं अंथरलेल्या पेंढ्यानं तीच ऊब खाली कोंडून धरली आणि वर फुलं गारठली. शेतीच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं, जमीन कधी उघडी ठेवू नका. सांगणारे कोरड्या, उन्हाच्या मुलखातले होते. त्यांच्याकडे ते खरंच असेल. थंडीच्या खोलगट जागेचं काय, हे तिथे कोणी विचारलं नाही, मीही नाही.

पण आबांना हे पटत नाही. ‘‘अरे, त्या वाफ्यांवर जांभूळ आहे. झाडाखाली दव कमी पडतं,’’ असं त्यांचं म्हणणं. तेही खरं आहे. फांद्यांनी आभाळ झाकलं, की जमिनीची ऊब तेवढी निसटत नाही. मग वाचवलं कोणी, उघड्या मातीनं की जांभळानं?

त्याच सकाळी वेण्णा तलावावर गोठलेल्या दवाचे फोटो काढायला गर्दी होती. लोकांना आनंद झाला तर मला वाईट वाटत नाही. मात्र फूल ते फळ महिना जातो, त्यामुळे आमचं नुकसान फेब्रुवारीत रिकाम्या पनेटांमध्ये, म्हणजे फळं भरायच्या छोट्या डब्यांमध्ये, दिसलं, तेव्हा त्या थंडीची कोणाला आठवण नव्हती.

यंदा डिसेंबरात मी जांभळापासून दूरच्या चार वाफ्यांचा पेंढा काढून सरीत ओढलाय. पाणी जास्त लागतंय, आबा रोज बोलून दाखवतात. जांभळाखालच्या दोन वाफ्यांना मात्र जाड पेंढा घातलाय. दोन्हीकडे वीतभर उंचीवर एकेक थर्मामीटर बांधलाय. साड्या दारामागे घड्या घालून तयार आहेत, पण या सहा वाफ्यांवर टाकायच्या नाहीत असं मी ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.