फोटोतली खुर्ची विकायची नाही

सोमवार, रात्री

जुनं सामान विकताना घासाघीस करणाऱ्या माणसाला घाबरायचं काही कारण नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. घाबरायचं ते पाच मिनिटांत "ओके, फायनल, घेतलं" म्हणणाऱ्याला.

आज असाच एक भेटला. खणांच्या टेबलाची जाहिरात टाकून तासही झाला नव्हता. किंमत ९००० लिहिली होती. गड्याने कमी करा म्हटलं नाही, लाकूड कुठलं विचारलं नाही, लांबी-रुंदी विचारली नाही. "मॅडम, पसंद है, पेमेंट अभी कर देता हूँ." म्हणे आर्मीत आहे, बदली गोव्याला झालीय, सामान उचलायला गाडी येईल. मागोमाग ओळखपत्राचा फोटो, कँटीन कार्डाचा फोटो, वर्दीतला फोटो. मी काहीच मागितलं नव्हतं. स्वतःहून इतके पुरावे देणारा माणूस मी पतसंस्थेच्या काउंटरवर कधी बघितला नाही. तिथे आधार कार्डाची झेरॉक्स मागितली तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

मग अपेक्षेप्रमाणे क्यूआर कोड आला. "स्कॅन करो, पिन डालो, पैसा आपके खाते में आ जाएगा." पैसे यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. काउंटरवर हे मी रोज कोणाला ना कोणाला सांगते, तरी "पण तो म्हणाला ना की येणार आहेत" असं म्हणणारे असतातच. पूर्वी हे लोक पैसे मागणारी रिक्वेस्टही पाठवायचे. दोन व्यक्तींमधली ती सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण कोडाची वाट उघडीच आहे. आमच्या एका खातेदार काकांचे असेच जुना फ्रीज विकता विकता पैसे गेले होते. विकायला बसलेला माणूस आपल्याकडे पैसे येणार याच धुंदीत असतो, म्हणून तो बरोबर सापडतो. काका दुसऱ्या दिवशी सांगायला आले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन लागेल तितकी रक्कम मधेच अडवली जायची शक्यता जास्त, आणि काकांची अख्खी रात्र घरच्यांपासून लपवण्यात गेली.

मी त्या फौजीला लिहिलं, रोख घेऊन या, चहा पाजते. नंबर ब्लॉक झाला. माझाच, त्याच्याकडून.

बुधवार

मधल्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरल्यात. तारकर्ली-मालवणात जागा मिळाली नाही की लोक खाली वेंगुर्ल्याकडे सरकतात, हे गेली काही वर्षं बघतोय. खोल्या रिकाम्या करायच्या तर सामान काढायला हवं: फणसाचं कपाट, सागवानी टेबल, लोखंडी कपाट आणि ह्यांनी लग्नानंतर हौसेने आणलेला प्लायवूडचा सोफा.

फोटो खळ्यात उन्हात काढले. मागे लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, सासूबाईंची शिसवी आरामखुर्ची होती, लांब हातांची, वेताची. ती विकायची नाहीच, दुपारच्या त्यात आडव्या झालेल्या असतात. पण येणाऱ्या मेसेजपैकी निम्मे तिच्यासाठी. "पीछे वाली चेअर का क्या लोगे?" जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं की मागची खुर्ची विकायची नाही. त्यावर एकाने विचारलं, मग फोटोत कशाला ठेवलीत?

बाकीच्यांचं "अवेलेबल?" एवढंच. उत्तर दिलं की शांतता. दुसरा प्रकार "लास्ट प्राईस बोला" वाल्यांचा. वस्तू बघितली नाही, पहिली किंमत धड वाचली नाही, थेट शेवटची हवी. ह्यांच्याशी बोलण्यात मी आता वेळ घालवत नाही. "बघायला या, मग बोलू" हे एक वाक्य मोबाईलमध्ये साठवून ठेवलंय, तेच चिकटवते. त्यातून गाळून जे उरतात ते खरे.

एकाने फणसाच्या कपाटाबद्दल विचारलं, हे डचांच्या वेळचं आहे का? मुंबईचा होता, वेंगुर्ल्याची डच वखार कुठेतरी वाचली असणार. वखार १७व्या शतकातली. कपाट सासूबाईंच्या लग्नात तुळस गावच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी केलेलं, घरच्याच परड्यातला फणस तोडून. "हो" म्हटलं असतं तर दुप्पट पैसे आले असते. सासूबाई म्हणाल्या, "सांग, डच माझो मामा."

शुक्रवार, रात्री जेवणानंतर

पुण्याच्या बाईंना हेच कपाट हवं होतं. आधी वाटलं, बाई चोख आहेत. मापं मागितली, दिली. दारं उघडून-मिटून व्हिडिओ मागितला, दिला. लाकूड फणसाचं कशावरून, असं विचारलं तेव्हा मला बरंच वाटलं. फणस कापला तेव्हा पिवळाधमक असतो आणि वर्षं जातात तसा तपकिरी, मग जवळजवळ काळपट होत जातो. म्हणून कपाटाच्या आत, जिथे उजेड पोचत नाही तिथला, आणि बाहेरचा, असे दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाठवले. आतून अजून मधाचा रंग आहे. "वास येतो का?" असंही विचारलं. खरं सांगितलं, पावसाळ्यात बंद राहिलं की कुबट येतो, चार दिवस ऊन दिलं की जातो. कोकणातलं लाकूड घेताना हा प्रश्न विचारायलाच हवा आणि विकणाऱ्याने त्याचं खरं उत्तर द्यायलाच हवं.

सगळं पसंत. मग म्हणाल्या, आमच्यासाठी ठेवा, दिवाळीनंतर टेम्पो पाठवते. मी म्हटलं, हजार रुपये विसार द्या, ठेवते. तिथे बिनसलं. "अहो, आम्ही काय पळून जाणार आहोत का?" पळून जाणार नाही हे मलाही माहीत आहे. पण विसार न घेता ठेवलेली वस्तू दोघांचीही नसते. त्या दुसरीकडे बघायला मोकळ्या आणि मी मात्र येणाऱ्याला परत पाठवायचं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

कपाट आज सकाळी सावंतवाडीच्या एका जोडप्याने नेलं. दोघंही शिक्षक. १२००० सांगितले होते, ११००० ला दिलं. पैसे आल्याचं मी माझ्या बँकेच्या ॲपमध्ये बघितलं, त्यांच्या मोबाईलवरच्या हिरव्या खुणेवर नाही. तसले हिरव्या खुणेचे स्क्रीनशॉट बनवायला दोन मिनिटं लागतात. मास्तर जरा ओशाळले, पण त्यांनाही पटलं. संध्याकाळी पुण्याचा मेसेज: "मी ठेवा म्हणाले होते ना? अशी फसवणूक बरी नाही." हे वाचून मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच लिहिलं की विसार आला असता तर कपाट आज इथेच असतं.

शनिवार

आजचा दिवस खरा धंद्याचा.

सकाळी पणजीचा माणूस टेबल बघायला आला. तिकडच्या जुन्या बंगल्यांना जुनं सामान पुरवतो. बसायला सांगितलं तर बसला नाही. टेबलाला हात लावायच्या आधी खाली वाकला आणि चारही पायांजवळची फरशी बघितली. मग एक खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला आणि खालून नाकाजवळ नेला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "भोकं आसात."

भोकं होतीच. मागच्या पायाला, मोहरीएवढी. फोटोतही दाखवली होती. मी आतून काळा कागद आणून दाखवला. रात्रभर त्या पायाखाली पसरून ठेवला होता. कीड जिवंत असेल तर सकाळी त्यावर पिठासारखा ताजा भुसा पडतो. कागद कोरा होता. त्याने कागद उजेडात तिरका धरला, बोट फिरवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. त्यानंतर आमची बोलणी झाली ती दोन जाणकारांमधली.

म्हणजे तो सभ्य वागला असं नाही. पाच हजार म्हणाला. म्हणाला पॉलिश परत करावं लागेल, कड्या नव्या आहेत, मूळच्या नाहीत, एक खण अडकतो. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हटलं, अडकतो कारण ऑक्टोबरातही पाऊस जात नाहीये. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, थंडीत सुटेल, तुम्हाला सांगायला हवं का? हसला. सहा. मी साडेआठ. गाडीपर्यंत गेला, परत आला. साडेसातला सौदा झाला, रोख. जाताना अर्थातच, "ती खुर्ची?" सासूबाई खुर्चीतच होत्या. त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

हा माणूस हेच टेबल तिकडे दुप्पट-तिप्पट भावाने विकेल, असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या. विकू दे. त्याच्याकडे गोदाम आहे, पॉलिशवाला आहे, घेणारे ओळखीचे आहेत. माझ्याकडे दोन खोल्या रिकाम्या व्हायच्यात.

दुपारी लोखंडी कपाटाला गिऱ्हाईक. कपाट समुद्राच्या वाऱ्याने खालून खाल्लेलं. मी पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साईड लावून घेतलं होतं, पण वरचा रंग मुद्दाम दिला नव्हता. रंग दिला की समोरच्याला वाटतं काहीतरी झाकलंय. ४००० लिहिले होते. मला साडेतीनच लिहायचे होते, पण सासूबाईंचं म्हणणं, "गिराईकाक कायतरी कमी केल्याचा समाधान होया."

आलेला मुलगा मातोंडचा. बायको बरोबर, तिच्या कडेवर पोर.

"केदो गंज चढलो हा बघा. चार हजारात नवीन येता."

"नवीन घे मगे," सासूबाई खुर्चीतून.

"नवीन घेतलंय असतंय, पण आताच्या पत्र्याक दम नाय."

"मगे ह्याका दम आसा म्हणान इलंस, आणि पैसे नवीनचे पण देवचे नाय?"

तो गप्प. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. दोन हजार म्हणाला. मी काही बोलायच्या आधीच सासूबाईंनी विचारलं, मातोंडात घर खय? मग कोणाच्यात, कोणाचो तू, आजोळ खयचा. निष्पन्न असं झालं की सासूबाईंच्या चुलतभावाचं चेडू, म्हणजे मुलगी, ह्या मुलाच्याच वाडीत दिलेलं आहे. माझ्या पोटात गोळा आला, आता नात्यात फुकट जाणार. पण तसं नसतं. नातं निघाल्यावर मुलाला दोन हजाराचं तोंड राहिलं नाही आणि सासूबाईंना चारचं.

"तुमचा नको, माझा नको," तो म्हणाला, "तीन हजार."

चहा झाला. लॉकरची किल्ली सापडत नव्हती ती सापडली. छोटा हत्ती त्यानेच आणला होता, दोरीही त्याचीच. डिलिव्हरीचा शब्द कोणी काढला नाही.

सोमवार

सावंतवाडीच्या मास्तरांचा व्हॉइस मेसेज, रात्री साडेदहाला. कपाटाचं डावं दार लागत नाही, तुम्ही सांगितलं नव्हतं, पैसे परत करा असं नाही पण निदान हजार तरी. काल दिवसभर इकडे पाऊस कोसळला, तिकडेही कोसळला असणार. मी सकाळी फोन केला. आधी दारं उघडून-मिटून काढलेल्या त्या व्हिडिओची आठवण करून दिली, त्यात दार लागताना दिसतंय, तारखेसकट. मग म्हटलं, रंधा मारू नका, कोणी सुतार म्हणाला तरी मारू नका. आत्ता रंधा मारलात तर थंडीत बोटभर फट पडेल. दाराच्या कडेला मेणबत्ती घासा, कपाटाच्या चार पायांखाली लाकडाच्या चकत्या देऊन एक बाजू किंचित उचलून बघा, फरशी सपाट नसेल तरी दार अडकतं. हजार देणार नाही हेही सांगितलं, तेवढ्याच आवाजात. विकून झाल्यावर कमी करायची सवय एकदा लावली की ती वस्तू कधीच विकून होत नाही. ते जरा फुरंगटले. संध्याकाळी आला तो अंगठ्याचा इमोजी, बाकी काही नाही. फरशीच होती बहुतेक.

गुरुवार

सोफा राहिलाय. प्लाय फुगून पापुद्रे सुटलेत, हे मी जाहिरातीत आधीच लिहिलं होतं. "फुकट, घेऊन जा" असं टाकलं तर एकाने विचारलं घरपोच देणार का, दुसऱ्याने विचारलं फुकट का, ढेकूण आहेत का? तिसरा म्हणाला, फुकट आहे तर बरोबर ती मागची खुर्चीही द्या. आज "₹३००" केलं. अर्ध्या तासात परबवाड्याहून फोन आला, दोनशेला देता का म्हणून. पहिल्याच फोनला भाव पाडतोय म्हणजे हा नक्की येणार. उद्या नऊ वाजता यायला सांगितलंय.